सापाला भीती कळते म्हणतात

गेल्या मे महिन्यात धुळ्याला लेकीच्या घरी मी एका अजगराची कात काढायला बसले. वय एकसष्ट. तोवर मी गांडुळालासुद्धा हात लावलेला नव्हता. एकतीस वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मास्तरकी केली, वर्गात पाल निघाली तर आधी टेबलावर मी चढायची आणि मग मुलांना 'गप्प बसा' म्हणायची. अशा बाईच्या मांडीवर साप येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

लेक देवपुरात भाड्याने राहते. सर्व्हिस रोडवर सांडलेल्या वाळूवरून तिची स्कूटी घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हे मला तिच्याकडून नाही, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. मी त्याच दुपारी बस धरून धुळ्याला आले. दार उघडल्यावर ती म्हणाली, "कशाला आलीस एवढ्या उन्हात?" नुसतं तेवढंच. पण बाजूला सरकून आत येऊ दिलं.

आमचं बोलणं असंच होतं, कामापुरतं. दीड वर्षापूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून निघाली तेव्हा पहिला फोन तिने मला केला होता. मी म्हटलं, "अगं, थोडं जुळवून घे. नवीन नवीन असं होतंच." लग्नाला तीन वर्षं झाली होती, नवीन कसलं आलंय! ती "बरं" म्हणाली, फोन ठेवला, आणि जळगावला न येता धुळ्यात खोली घेऊन नोकरीला लागली. तिकडे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

तर त्या खोलीत तिच्याशिवाय हा एक होता. चार फूट लांबीचा, आफ्रिकेकडच्या जातीचा अजगर, ज्याला हे लोक बॉल पायथन म्हणतात. ऑफिसातल्या कोणाची तरी बदली झाली, तो देऊन गेला. वनखात्याचे कागद लेकीने रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतले होते. खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून त्याची काचेची पेटी. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली त्याचे उंदीर, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून, कारण घरमालक खालीच राहतात आणि ते जैन. पहिल्या दिवशी मी मटार काढायला गेले आणि हातात काय आलं ते इथे लिहीत नाही.

माझं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागेतलं. तिकडे सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात. लहानपणापासून अंगात भिनलेली ती सवय इतकी की मी लेकीला विचारायची, "जनावराचं झाकण लागलंय ना?" ती दर वेळी म्हणायची, "लागलंय." मग मी पुन्हा जाऊन बघायची.

चूक माझ्या हातून झाली ती एप्रिलचं उरलेलं वाळवण मेमध्ये उरकण्याच्या नादात. आमच्याकडे ऊन पडलं की बाईला घरात बसवत नाही. कुरडया, ज्वारीच्या बिबड्या, डाळी, मिरच्या, गाद्या, जे दिसेल ते गच्चीवर. त्या पेटीत भोक पाडलेल्या झाकणाचा एक डबा असायचा आणि त्यात ओलं शेवाळ. एक दिवस लेकीने ते भिजवायला डबा न्हाणीत काढून ठेवला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि ती लॅपटॉपपाशी जाऊन बसली. मी बघितलं तर कुबट वास येतोय. म्हटलं, एका हाताने बिचारीला कुठे जमणार, आपण ऊन देऊ. जुन्या साडीवर कुरडयांच्या शेजारीच ते शेवाळ पसरलं. संध्याकाळपर्यंत कुरकुरीत झालं. मी खूश. डब्यात भरलं, झाकण लावलं आणि न्हाणीत परत ठेवून दिलं. लेकीने विचारलं, "शेवाळ भिजवलंस का गं?" मी म्हटलं, "केलं सगळं." तिने डबा न उघडताच पेटीत ठेवून दिला.

ते शेवाळ ओलं का ठेवतात हे मला आठ दिवसांनी कळलं. कात टाकायची वेळ आली की तो त्या डब्यात जाऊन बसतो आणि ओलाव्याने कात सुटते. याची सुटली नाही. पाठीवर चिंध्या लोंबल्या, शेपटीच्या टोकाला एक कडं आवळून बसलं, आणि दोन्ही डोळ्यांवर दुधी पापुद्रा तसाच राहिला. नाशिकच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना तिने फोन लावला. ते म्हणाले, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग ओल्या टॉवेलमधून त्याला सरकू द्या, ओढू नका. शेपटीचं कडं राहिलं तर टोक सडेल. डोळ्यांचं असंच राहत गेलं तर डोळे जातील.

फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एका हाताने हे होत नाही. तुला त्याला धरावं लागेल. जमणार नसेल तर आत्ता सांग. मी उद्या कोणाची तरी गाडी करून नाशिकला जाते आणि तू जळगावची बस धर. ऐन वेळी मागे सरणारं माणूस मला आता घरात नको आहे."

ती सापाबद्दल बोलत नव्हती हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. मी म्हटलं, "धरते."

पाणी आणायला खाली गेले तर घरमालकीण भाभी जिन्यात भेटल्या. त्यांना कुठून कळलं देव जाणे. "आंटी, आप मत पकडो," त्या म्हणाल्या. "डर की बू आती है उसको. तुरंत पहचान लेता है." मी हसले. बादली भरून वर आले.

दुपारचे अडीच वाजले होते. वीज गेलेली, त्यामुळे कूलर बंद. तिने डाव्या हाताने त्याला पेटीतून काढून टबात सोडलं, वर भोकं पाडलेलं झाकण. अर्धा तास आम्ही दोघी त्या टबाकडे बघत बसलो. आतून मधूनमधून झाकणाला धक्का बसायचा आणि मी पदर आवळून घ्यायची.

"खरं सांग," मी विचारलं, "त्याला भीती कळते का?"

"जीभ काढून वास घेतो तो. घामाचाही घेत असेल. पण तो घाम भीतीचा की धुळ्याच्या उन्हाचा, हे त्याला काय कळणार?" ती म्हणाली. "हात मात्र कळतात. हात हलला की कळतं."

मग तिने झाकण काढलं. मी जमिनीवर मांडी घालून बसले, मांडीवर ओला टॉवेल. तिने त्याचं धड माझ्या दोन्ही हातांत दिलं आणि डोक्याकडची बाजू स्वतःच्या डाव्या हातावर ठेवली. मला वाटलं होतं बुळबुळीत लागेल. तसं काही नव्हतं. जड होता, आणि आतून सतत काहीतरी सरकत होतं. माझे हात थरथरायला लागले, कोपरापासून. आणि त्याने माझ्या मनगटाला वेढा घातला. मी थरथरले तसा तो वेढा आवळत गेला. बांगडी हाडात रुतली.

"कळलं त्याला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "काढ. काढ गं याला. कळलंय त्याला!"

"आई, ओरडू नकोस. तू हलतेयस म्हणून त्याला वाटतंय आपण पडणार. म्हणून धरलंय त्याने तुला. हात मांडीवर टेकव. सोडू नकोस, टेकव."

त्याचा चेहरा माझ्यापासून दीड हातावर होता. दोन्ही डोळे पांढुरके, जीभ आतबाहेर. मानेला बाक आला होता. हात झटकून उठावं आणि सरळ स्टँड गाठावा, असं मला किती वाटलं ते मी सांगू शकत नाही. पायही त्यासाठी तयार झाले होते.

त्या वेळी मला आबा आठवले, माझे वडील. मी आठ-नऊ वर्षांची असताना केळीच्या ओळीत एक जनावर माझ्या पायाच्या पंजावरून गेलं होतं. अख्खं, सावकाश. आबा चार पावलांवर होते. नंतर त्यांनी गावभर सांगितलं, "मनी पोर घाबरनी नही, म्हनीसन त्यानी सोडी दिधं. जनावरले भेव बरोबर कयस." जनावराला भीती बरोबर कळते, असं त्यांचं म्हणणं. मला त्या दिवशी गुळाचा खडा मिळाला. खरं म्हणजे मी इतकी घाबरले होते की हलताच येत नव्हतं. परकर ओला झाला होता, तो मी पाटात बसून धुतला आणि पाण्यात पडले म्हणून सांगितलं. त्या जनावराला काही कळलं नव्हतं आणि आबांनाही नाही.

मी हात मांडीवर टेकवले. भीती तेवढीच होती, रतीभर कमी झाली नव्हती, पण हात टेकलेले राहिले. थोड्या वेळाने बांगडी सैल झाली. तो टॉवेलच्या घडीत सरकला आणि पलीकडून निघाला तेव्हा पाठीवरच्या दोन चिंध्या टॉवेलला चिकटून राहिल्या होत्या.

"परत," लेक म्हणाली.

असं सात-आठ वेळा झालं. चौथ्या खेपेला, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "ते शेवाळ मी वाळवलं होतं. गच्चीवर. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

कापसाचा ओला बोळा घेऊन ती त्याच्या उजव्या डोळ्यावरून हळूहळू फिरवत होती, डाव्या हाताने, त्यामुळे तिलाही अवघड जात होतं. बोळा जरा जोरात लागला असता तरी डोळ्याला इजा झाली असती. मी धड धरून होते. पापुद्रा कडेने उचलला, परत चिकटला, परत उचलला आणि बोळ्यावर आला. इवलासा, चष्म्याच्या काचेसारखा गोल. खाली काळा, स्वच्छ डोळा.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "कात अडकली म्हणून डबा उघडला तेव्हाच दिसलं. शेवाळात कुरडईचा तुकडा होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगतेस का ते बघत होते."

दुसरा डोळा लवकर झाला. त्यानंतर तो माझ्या मांडीवर स्वतःचाच गोळा करून बसला, डोकं आत खुपसून. "घाबरला की असं करतो," ती म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढा वेळ मी ज्याच्यामुळे मरायला टेकले होते तो माझ्याच मांडीवर तोंड लपवून बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ठेवला.

ती त्या हाताकडे बघत होती. मग त्याच सुरात, कापसाचे बोळे गोळा करता करता, म्हणाली, "मी पण अशीच बसायचे. तिकडे. त्याचा आवाज चढला की अजिबात हलायचं नाही. हललं की वाढायचं. हात मांडीवर ठेवून बसलं की उतरायचं हळूहळू." तिने बोळे वाटीत टाकले. "दिवाळीला यायचे तेव्हाही तशीच बसलेली असायचे. सवयच लागली होती. तुम्ही सगळे म्हणायचात, लग्नानंतर पोरगी किती शांत झाली."

सगळे नव्हते म्हणत. मी म्हणायची. शेजारणींना सांगायची, कौतुकाने. चार माणसांत तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगायची. माझ्याच स्वयंपाकघरात माझी मुलगी घाबरून बसलेली असायची आणि मी तिला चकलीचा सोऱ्या धरायला लावायची. उठून तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण मांडीवर तो होता, हलता येत नव्हतं.

"मला कळलं नाही गं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "नाही कळलं."

बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजत लांब गेली. तिने वाकून त्या गोळ्याखाली डावा हात घातला आणि त्याला उचलायला लागली, एका हाताने जमेना, तेव्हा मी खालून माझे दोन्ही हात लावले आणि आम्ही दोघींनी मिळून त्याला पेटीत ठेवलं.

"शेपटीचं कडं राहिलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उद्या परत भिजवावं लागेल. दोन वाजता बसू."