निवेदनातली खोडलेली ओळ

मुखेडला माझं टायपिंगचं दुकान होतं. त्या दुष्काळात गिऱ्हाईक आटलं होतं, पण नव्या जिल्ह्याच्या मागणीचं निवेदन माझ्याकडे आलं आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. आमच्याकडची रीतच अशी, की बैठकीत सगळे पुढारी ‘हाव, हाव’ म्हणतात, आणि मग एकेक जण गुपचूप येऊन, चहा मागवून, आपल्या मनासारखं वाक्य बदलून घेतो. आधी मी दोन छापील कागद शेजारी ठेवून, पट्टी सरकवत फरक शोधायची. मग वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ सापडलं. नवं ते तांबडं, खोडलेल्यावर काट, आणि वर तारीख-वेळ! मी नवऱ्याला जेवणावरून उठवून दाखवलं. पुढाऱ्यांना मात्र काही सांगितलं नाही. खुणा झाकून ठेवल्या आणि मजा बघत बसले.

निवेदन नांदेडला न्यायच्या दिवशी माळावरच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या मावशी आल्या. टँकर खाली गावातच रिकामा व्हायचा, वर घागरभरही पाणी पोचायचं नाही. म्हणून ‘वस्तीला स्वतंत्र टँकर द्यावा’ ही ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी घालून घेतली होती. त्यांनी प्रत दोनदा वाचली. ओळ नव्हती.

मला तर स्फुरणच चढलं. चोर आता पकडतेच, म्हणून मी सगळ्या खुणा उघडल्या. स्क्रीन तांबडी झाली. नाव सगळीकडे माझंच, कारण कॉम्प्युटर माझा. पण वेळ बघितली की शेजारच्या खुर्चीत तेव्हा कोण होतं ते मला नेमकं आठवायचं. हा बदल वकिलांचा, हा सरपंचांचा, मी भराभर सांगत सुटले. शेवटी ती ओळ सापडली. कालची, दुपारी तीनची. काल दुपारी उन्हामुळे दुकानात कुणीच नव्हतं. मी एकटीच होते, सह्या दुसऱ्या पानावरच बसाव्यात म्हणून मजकूर आवळत.

“कुनी खोडली?” मावशींनी विचारलं.

वकिलांचं नाव अगदी ओठावर आलं होतं. लाजेनं माझे कान तापले.

“मीच, मावशी.”

मी ओळ परत घातली, सह्या तिसऱ्या पानावर गेल्या. छापलेली प्रत मी जीपवाल्यांकडे पोचवते, असं म्हटलं.

“न्हाई. आता कुनाच्याबी हातात देत न्हाई मी.”

कागद पदराखाली धरून त्या स्वतःच नांदेडच्या जीपमध्ये जाऊन बसल्या.