पालथ्या परातीसारखा डोंगर

२००४ साली मी ओहायोतल्या डब्लिनमध्ये गृहिणी होते. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या, मला कामाची परवानगी नसलेल्या व्हिसानं मला गृहिणी करून ठेवलं होतं. पुण्याची भूशास्त्रातली एम.एस्सी. सूटकेसच्या तळाशी, आणि नवरा रोज ऑफिसला.

घरी बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा मी जवळच्या विद्यापीठाच्या दगडांच्या संग्रहात बिनपगारी कामाला जायला लागले. तो संग्रह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या क्युरेटरनी मला अंटार्क्टिकातल्या एका ज्वालामुखीचे नमुने नोंदवायला दिले. बर्फाळ डोंगररांगेच्या पार टोकाचा, पालथ्या परातीसारखा पसरट डोंगर. त्याचे काळे, भोकाभोकांचे दगड हाताळताना मला वेळेचं भान राहायचं नाही.

पुढच्या वर्षी तिकडे एक तुकडी जाणार होती. क्युरेटरनी विचारलं, "तू जाशील?" मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन गरम कपड्यांची यादीसुद्धा केली. आठवड्यानं विद्यापीठाच्या ऑफिसात बोलावलं. तुकडीतल्या माणसाला पगार द्यावाच लागतो, आणि माझ्या व्हिसावर पगार घेता येत नाही.

"मला पगार नकोच आहे," मी म्हटलं.

"तेच तर चालत नाही," तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या.

मग मी जाणाऱ्यांच्या पेट्या भरून दिल्या. तुकडीच्या प्रमुखाला बजावलं, "दगडांच्या पिशव्यांवर जागा पेन्सिलीनं लिहा. शाई ओलीनं फुटते." तो हसून हो हो म्हणाला.

पेट्या परतल्या तेव्हा चाळीसेक पिशव्यांवर नुसते निळे डाग होते. कुठला दगड माथ्यावरचा, कुठला पायथ्याचा, कळेना.

"अंदाजानं लाव," प्रमुख म्हणाला.

"कुठून उचलला तेच माहीत नसेल, तर हा दगड आणि रस्त्यावरची खडी सारखीच!" मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून क्युरेटर धावत आले.

सगळा हिवाळा मी प्रमुखाची डायरी आणि फोटो घेऊन एकेक दगड जुळवत बसले. "सोड ना यार, तुला कोण विचारतंय?" नवरा म्हणाला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. नऊ दगड शेवटपर्यंत जुळले नाहीत.

२००७ मध्ये वर्क परमिट हातात आलं आणि मी तडक संग्रहात गेले. क्युरेटर अवघडून म्हणाले, "त्या डोंगराची ग्रँट बंद झाली. आता तिकडे कोणी जात नाही."

मला माती तपासणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. भर उन्हाळ्यात, नव्या मॉलच्या पायासाठी भोकं पाडून मातीचे नमुने काढायचे.

"मजा येते ना?" नवऱ्यानं विचारलं.

"काम आहे," मी बूट काढत म्हटलं.