कंपन्या येतात म्हणे

आमच्या नाशिकच्या सिडकोत 'कंपनी' म्हटलं की सातपूर, नाहीतर अंबड. पत्र्याची शेड, भोंगा, गेटवर पिशव्या तपासणारा वॉचमन. कंपनी जागची हलत नाही. आपण डबा घेऊन तिच्याकडे जायचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, असेच उभं आयुष्य सातपूरला गेले. फिटर होते. त्यामुळे बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजातले सर "आमच्याकडे खूप कंपन्या येतात" असं अभिमानाने म्हणाले, तेव्हा अण्णांना हसू आवरेना.

सरांसमोर त्यांनी ते कसंबसं दाबलं. नाशिकला परतताना बसमध्ये मात्र सुरू झाले. "कंपन्या येतात म्हणे! चाकं लावलीत का त्यांना?" मीही खो खो हसले. घरातली पहिली इंजिनिअर मीच होणार होते. कंपन्या कॉलेजात येतात, परीक्षा घेतात आणि शेवटच्या वर्षालाच पोरं उचलून नेतात, हे आम्हाला सांगणार कोण?

नाशिकचं कॉलेज अण्णांना पाहताक्षणी पसंत पडलं. त्याच्या गच्चीवरून कारखान्यांच्या शेड दिसायच्या. "बघ, सगळ्या कंपन्या इथंच. पायी जाशील तू." झालं, पुण्याची जागा सोडली. माझ्याएवढेच मार्क असलेली माझी शाळेतली मैत्रीण मात्र तिकडे गेली. तिचे वडील बँकेत होते, त्यांना ही भाषा कळत होती, एवढाच काय तो फरक.

आमच्या कॉलेजात कंपनी म्हणून आलं ते विमा विकणारं एक ऑफिस. मग काय, निघाले पायी, अगदी अण्णा म्हणाले होते तशीच. गेटागेटावर बायोडाटा दिला. "ठेवून जा मॅडम, कळवू." कळवतात कसले! शेवटी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला लागले, तेही ठेकेदाराकडून. इतकी वर्षं झाली, अजून माझ्या कार्डावर ठेकेदाराचंच नाव आहे. काम आवडतं हो मला. पण राग येतो, आणि कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तो भांड्यांवर निघतो.

गेल्या दिवाळीत पुण्याला गेलेली ती मैत्रीण फराळाला आली. अण्णांनी सरळ पगार विचारला. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. तिने संकोचतच आकडा सांगितला.

"चांगला आहे की वर्षाचा," अण्णा म्हणाले.

"महिन्याचा, काका."

अण्णांनी हातातला चिवडा परत ताटलीत ठेवला. मग विचारलं, "ती कंपनी कॉलेजात आली होती का गं?"

"हो ना. शेवटच्या वर्षाला. तिथेच इंटरव्ह्यू झाला."

ती गेल्यावर अण्णा खुर्चीतून उठलेच नाहीत. चहा दिला, तोही तसाच गार झाला. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्या पाठीवरून हातही फिरवायचा होता. दोन्ही जमेना.

"अण्णा, सोडा ना आता," मी म्हटलं. "कंपन्या आल्या म्हणून काय झालं? मला घेतलंच असतं असं थोडंच आहे?"

त्यांनी मान वर केली.

"घेतलं असतं गं," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तुलाच घेतलं असतं."