एक थाप, दोन थापा

माझ्या थोरल्या भावाचा डावा कान इंजिनाने खाल्ला. त्या काळच्या ट्रकमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, केबिनच्या आतच असे. वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर गोधडीचा तुकडा. त्या आवाजाशेजारी दादा वीस वर्षं बसला. डाव्या पोटरीवर भाजल्याचे काळे डाग होते. मणका सरकला होता. गाडी मध्येच थांबवायला लागू नये म्हणून तो दिवसभर पाणी पीत नसे, त्यामुळे लघवीला जळजळ कायमची. नाक्यावर हवालदाराची काठी दारावर बसायच्या ऐवजी खिडकीतल्या कोपरावर बसे, त्याची गाठही होती. हे सगळं तो चारचौघांत हसत सांगे. कान मात्र लपवी.

लायसन नवं करताना डॉक्टरांचा कागद लागे. डॉक्टर कागदावरून मान वर न करता नाव-गाव विचारत, आणि दादा उजवी बाजू त्यांच्याकडे करून उभा राही. घरी येऊन मला म्हणे, "मास्तर, हे लायसन गेलं तर मी काय करू? तुझ्या पुस्तकांवरची धूळ पुसू?"

मी अंबरनाथच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. मास्तर नव्हतो. पण दादा मास्तरच म्हणे, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

एमआयडीसीतून रसायनाचे ड्रम भरायचे आणि उल्हासनगरच्या गोदामांत उतरवायचे, हे त्याचं काम. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी उलटीच आत घ्यावी लागे. मग क्लीनर खाली उतरून मागे उभा राही आणि हौद्याच्या पत्र्यावर तळहात आपटे. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे येऊ दे. क्लीनर वांगणीकडचा होता, पन्नाशीचा, कुऱ्हाड चालवून हात लाकडासारखे झालेला. त्याची थाप पडली की आख्खी गाडी दणाणे. एकदा त्याला थाप मारायला उशीर झाला, हौद्याचा मागचा फाळका भिंतीला घासला. दादाने खाली उतरून त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात पडला. तासाभराने दोघं एकाच डब्यातली भाकरी खात होते.

"तुला थाप ऐकू येते?" मी दादाला एकदा विचारलं होतं.

"थाप कानाने कोण ऐकतं? सीट हलते. पाठीला कळतं."

हे मी लक्षात ठेवायला हवं होतं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. दिवाळीची सुट्टी होती. क्लीनर मलेरियाने घरी पडलेला. सकाळी दादा चहा पिताना म्हणाला, "मास्तर, आज तू चल. मागे बघायचं फक्त. पहिलीतल्या पोरालाही जमेल."

वहिनी आतून म्हणाली, "त्यांना नेऊ नका हो. भाजीवाल्याला हाक मारायची तरी भावजींना घाम फुटतो."

"हाक कुठे मारायचीय? पत्रा बडवायचाय," दादा म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

दुपारी बारा-साडेबाराला आम्ही गोदामाच्या गल्लीत होतो. मी डाव्या बाजूला, मागच्या चाकापाशी. दोन थापा मारल्या, गाडी मागे येऊ लागली. गोदामाच्या ओट्यावर दोन हमाल बसले होते. त्यांतला एक खाली उतरला. चाकाच्या वाटेत एक फळी पडली होती, ती उचलायला वाकला. मी त्याला पाहिलं आणि थाप मारली. हेडमास्तरांच्या दारावर मारतो तशी.

गाडी मंदावली. पण पूर्ण थांबलेली दिसली नाही, आणि माझ्या मनात एकच आलं : डावा कान. ऐकू गेलं नसणार. म्हणून मी पुन्हा मारली, या वेळी सगळा जीव हातात आणून.

गाडी जोरात मागे आली. फाळका आणि ओटा यांच्यामध्ये त्या माणसाचा पाय होता. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला, आणि मग तो माणूस ओरडला.

दादाने गाडी पुढे घेतली. अपघात झाला तर ड्रायव्हरने खाली उतरायचं नाही, गाडी थेट चौकीवर न्यायची, हे त्यानेच मला अनेकदा सांगितलं होतं. तो खाली उतरला. "मास्तर!" म्हणून ओरडतच उतरला. किंकाळी माझी आहे असं त्याला वाटलं होतं.

मी उभा आहे हे त्याने पाहिलं, तेवढ्यात पहिली थप्पड बसली.

"साला, दारू पीके चलाता है!"

"मारो साले को!"

गल्लीतली सगळी दुकानं रस्त्यावर आली. दुसऱ्या हमालाच्या हातात गोणी ओढायचा आकडा होता. तो दादाच्या खांद्यात रुतला आणि शर्टासकट मांस घेऊन बाहेर आला. दादा गुडघ्यांवर पडला. कुणी पोटात लाथ घातली. कुणी ड्रम उघडायचा लोखंडी पाना आणला. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज मऊ असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एकाने माझी कॉलर धरली. "तू कौन है रे?"

माझ्या आधी जमिनीवरून दादा बोलला. "पासिंजर है. रास्ते में बिठाया."

मी गप्प राहिलो. कॉलर सुटली.

"पीछे आदमी था, दिखा नहीं? बहरा है क्या?"

"हाँ," दादा म्हणाला. "बहरा हूँ. बाएँ कान से सुनाई नहीं देता."

पाना धरलेला माणूस हसला. "तो दूसरा किस काम का?" आणि त्याने उजव्या कानावर मारलं. दोनदा.

पोलीस आले तेव्हा दादाच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं. माझा उजवा तळहात लाल होता, तो मी खिशात घातला होता.

जबाबातही दादाने तेच सांगितलं. कान बहिरा, मागचं काही ऐकू आलं नाही, चूक माझी. वीस वर्षं लपवलेली गोष्ट त्याने सरकारी कागदावर स्वतःच्या सहीने दिली. लायसन गेलं. उजवा कानही परत आला नाही. त्या हमालाचा पाय गुडघ्याखाली कापला. त्याला भेटायला मी कधी गेलो नाही. हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर दादा बदलापूरच्या घरी दाराशी खुर्ची टाकून बसे. वहिनीने पोळीभाजीचे डबे सुरू केले. तो आमच्याशी मोठ्याने, सपाट आवाजात बोले. आम्ही पाटीवर लिहून उत्तर देत असू. मी रोज त्या पाटीवर काही ना काही लिहिलं. ते एक वाक्य सोडून.

या पावसाळ्यात त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, फार वर्षांचं दुखणं आहे. शेवटच्या आठवड्यात वहिनी बाहेर गेलेली असताना मी पाटीवर लिहिलं : मी दोन मारल्या.

त्याने बोट ठेवून वाचलं. मग छताकडे बघत म्हणाला, "माहीत आहे. पहिलीला ब्रेकवर पाय गेला होता माझा. मग दुसरी पडली."

मी पाटीवर पुढे लिहू लागलो. दादाने हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर तळवा आपटला.

एकदाच.