परवान्यावरचा शिक्का

चाकणच्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात स्वप्नाली काळदातेला सात वर्षांत आदर वाटावा असं एकच काही सापडलं होतं: ऑफिसमागच्या थंड खोलीतले दोन सर्व्हर. पुरवठादारांच्या ऑर्डरींची वेबसाइट त्यांच्यावर चालायची. दोन्हींवर तिनंच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती, फुकटात मिळणारी. गेल्या दिवाळीपासून दोन्ही एकदाही रुसले नव्हते. माणसांबद्दल तिला तेवढं म्हणवत नसे.

नवा आयटी मॅनेजर अजिंक्य पहिल्याच दिवशी म्हणाला, "फुकट ते पौष्टिक घरी ठीक आहे, मॅडम. कंपनी अशी चालत नाही." यूपीएसलाच सर्व्हर समजून पंधरवडाभर पाहुण्यांना दाखवणारा हा माणूस! तिनं त्याची चूक सुधारलीही नाही. शेजारच्या टेबलावरची स्नेहल मागे एकदा "मलाही शिकव ना" म्हणाली होती, तिलाही "तुला नाही झेपायचं" असं सांगून तिनं वाटेला लावलं होतं.

मग एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीकडून तपासणी ठरली. अजिंक्य फॉर्म घेऊन धावत आला.

"ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना क्रमांक विचारलाय!"

"परवाना आहे. क्रमांक नाही."

"क्रमांक नाही म्हणजे चोरीचीच ना?"

"वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, असं परवान्यातच लिहिलंय. वाचता येतं ना?"

वाचायला त्याला वेळ नव्हता. त्याला शिक्का हवा होता. तिनं परवाना छापून दिला, तो घेऊन अजिंक्य स्टोअरमध्ये गेला. तिथले बबनराव जन्मभर शिक्के मारत आलेले. त्यांनी कागद उलटसुलट केला. "शिक्का मारतो, साहेब, पन माल कुठं हाय?" आणि प्रत्येक पानावर 'माल तपासून घेतला' असा निळा शिक्का बसला. अजिंक्यनं ती पानं प्लास्टिकच्या फाइलीत घातली. स्वप्नालीला हसूही आलं नाही. या लोकांकडून तिची अपेक्षाच तेवढी होती.

तपासणीला प्राजक्ता नावाच्या बाई आल्या, पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा. शिक्के पाहून त्यांनी फाइल मिटली. "लिनक्स आहे ना? मग हे कशाला?" अजिंक्यचा चेहरा पडला. स्वप्नालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सुरक्षेचे अपडेट शेवटचे कधी घातले?"

"मंगळवारी." तिनं नोंद दाखवली.

"छान. आणि तुम्ही रजेवर असलात तर कोण घालतं?"

स्नेहल टेबलावरचा कागद पाहत बसली. सात वर्षांत स्वप्नालीनं चार दिवसांची रजा कधी घेतली नव्हती आणि त्याचा तिला अभिमान होता.

अहवालात एकच दोष निघाला: सर्व्हर एकाच व्यक्तीवर अवलंबून. त्यापुढे तिचं नाव. महिन्याभरात दोघांना शिकवायचं, असा हुकूम सुटला. स्नेहलनं आपलं नाव दिलं. दुसरं नाव, कुणी नको म्हणायच्या आत, अजिंक्यनं स्वतःचं लिहिलं.

पहिल्या दिवशी दोघं तिच्या दोन बाजूंना बसले. स्नेहल पासवर्ड टाकून सर्व्हरमध्ये शिरून नोंदीही वाचायला लागली. अजिंक्यनं पासवर्ड टाइप केला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा टाइप केला.

"अक्षरं उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलाय."

स्वप्नालीनं मोठा श्वास घेतला.

"बिघडला नाही. इथं पासवर्ड दिसत नसतो," ती म्हणाली. "टाइप करा आणि एंटर मारा."