भुईकाट्याचा बोर्ड

दसऱ्याच्या सकाळी भुईकाटेवाल्या काकांचा फोन आला. "ताई, काटा बंद पडलाय. जरा येता का?"

मुरुम गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सणाला मी ते उघडत नाही. पण सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता आणि भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की तिचं वजन दाखवतो तो काकांचा जुना कॉम्प्युटर. तो बंद म्हणजे सगळा माल दुसऱ्याच्या काट्यावर. मी स्कूटी काढली.

काकांचा मुलगा दारातच उभा. "ताई, उगाच डोकं लावू नका. सोलापूरच्या दुरुस्तीवाल्याला आतल्या मदरबोर्डाचा फोटो पाठवला होता. भंगारात घाला म्हणाला. मी तर म्हणतो, काटाच बंद करू. जागेचे प्लॉट पाडू."

काकांची हयात त्या काट्यावर गेलेली. ते माझ्याकडं बघत राहिले.

नवा कॉम्प्युटर लावून भागणार नव्हतं. काट्याची तार ज्या लांबलचक कार्डात जाते, ते कार्ड आजच्या साध्या बोर्डांवर बसतच नाही. काटा बसवणारी कंपनीही कधीच गुंडाळलेली. म्हणजे हाच बोर्ड चालायला हवा.

कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत लख्ख.

"काल साफ केलात का काका?"

"व्हय. खंडेनवमीला दरसाल आतूनच पूजा करतो. औंदा ब्रशनं घासून काढला. झुरळाची अंडी लई झालती, चिमट्यानं वेचून फेकली."

मी कपाळावर हात मारला. ती अंडी नव्हती, जंपर होते. मुगाच्या दाण्याएवढ्या त्या काळ्या टोप्या कोणत्या पिनांवर बसतात, त्यावर प्रोसेसरला किती व्होल्टेज जायचं ते ठरतं. चुकीच्या पिना जोडल्या तर प्रोसेसर जळतो. तशा टोप्या माझ्या पिशवीत ढीगभर होत्या, पण त्या बसवायच्या कुठं, हे बोर्ड कुणाचा आणि कोणता ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

"नाव त्या मोठ्या चिपवर लिहिलंय की," मुलगा म्हणाला. "सोलापूरवाल्यानं तेच शोधलं."

"ते चिपचं नाव आहे, भाऊ. ती चिप कितीतरी बोर्डांवर असते. टायरवरचं नाव वाचून ट्रॅक्टर ओळखता का तुम्ही?"

मी मोबाइलवर जुन्या बोर्डांचे फोटो शोधत बसले. कार्डं बसायच्या खाचांचा क्रम, बॅटरीचा कोपरा, कीबोर्डची जागा जुळवत एकेक बाद करत गेले. शेवटी दोन उरले, जुळ्या बहिणींसारखे. पण दोघांची जंपरची मांडणी वेगळी. आता फरक सांगणार होता तो फक्त बोर्डावर छापलेला नंबर. तो बहुधा खाचांच्या मधल्या पट्टीवर असतो आणि नेमका तिथंच हळदीकुंकवाचा थर. दरसालचं बोट एकाच जागी टेकलेलं, थरावर थर.

"काका, हे काढावं लागंल."

"पूजेचं हाय ते. पुसायचं न्हाय."

"पुसत नाही. कागदावर काढते, तुम्ही कपाळाला लावा."

काकांनी जरा विचार केला. "तसं चालंल."

टूथपिकनं वरचा थर खरवडून कागदावर घेतला आणि उरलेलं स्पिरिटच्या बोळ्यानं टिपलं. आधी पांढरी रेघ दिसली, मग एक अक्षर, मग पुरता नंबर. जुळ्यांतली धाकटी निघाली! तिच्या जंपरांचा नकाशा मोबाइलवर उघडून मी टोप्या बसवायला घेतल्या. बसवून झाल्यावर सगळ्या पुन्हा एकदा ताडून पाहिल्या.

"जळला तर?" मुलानं विचारलं.

"जळला तर पाडा प्लॉट," म्हणत मी बटण दाबलं.

एकच बीप झाला. पडद्यावर अक्षरं धावली आणि काट्याचा प्रोग्राम उघडला. रिकामा काटा शून्य दाखवत होता. मी बाहेर जाऊन त्यावर उभी राहिले, तर मुलानं आतून सांगितलेला आकडा ढोबळच निघाला. एवढ्या मोठ्या काट्याला माणसाचं वजन किरकोळच. मग काकांनी आपला रिकामा ट्रॅक्टर चढवला. त्याचं वजन त्यांना तोंडपाठ होतं आणि पडद्यावर तेच उमटलं.

काका ट्रॅक्टरवरूनच ओरडले, "बघत काय उभा राहिलास? रस्त्यावर जा आन् ट्रॉल्या वळव इकडं!"

मुलगा गेला. चांगला पळतच गेला.