भरती पाहून सुटणारा ट्रक

मी घर सोडायला निघालो तेव्हा खाडीला ओहोटी होती, म्हणून बानं मला निघू दिलं नाही. खरं तर मी चालत जाणार होतो. आमच्या गावापासून पेणपर्यंत बंधावरची पायवाट, आणि पुढं मुंबईची मोटार. वाटेत पावलं भिजतील एवढंसुद्धा पाणी नाही. पण बा मिठाचा मचवा चालवणारा तांडेल, म्हणजे होडीवरचा राजा. ओहोटीला मचवा चिखलात बसतो आणि पाणी भरलं की उठतो, तेव्हाच निघायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं बोटांवर तिथी मोजून भरतीची वेळ काढली, उगाच एकदा आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाला, "पानी बघून निंग. आत्ता कोन निंगतं?"

मग मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून राहिलो. निरोप द्यायला आलेली माणसंही बसून राहिली. सगळ्यांचं रडून झालेलं, आता करायचं काय? आयनं कोरा चहा केला, मग मला दुसऱ्यांदा जेवायला वाढलं. दुपारी पाणी भरलं तेव्हा सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून रडावं लागलं. एवढं होईपर्यंत पेणची मोटार कधीच सुटून गेली होती. घर सोडल्यानंतरचा पहिला मुक्काम मी पेणच्या मोटार अड्ड्यावर केला. तिथून आमच्याच गावाची मिठागरं दिसत होती.

गावाकडं राहिलेल्यांनो, तुम्ही ही गोष्ट अजून सांगता आणि हसता, हे मला ठाऊक आहे. माझ्यासारखे बाहेर पडलेले मात्र हसणार नाहीत. त्यांच्या घरच्यांनीही असंच काहीतरी केलेलं असणार.

देश स्वतंत्र होऊन फार दिवस झाले नव्हते. लढाईत म्हातारे झालेले लष्करी ट्रक बाजारात आले होते, आणि त्यातला एक पेणच्या मिठाच्या वखारीत आला. मी तो पाहिला आणि संपलो. बाचा मचवा वाऱ्यासाठी थांबायचा, पाण्यासाठी थांबायचा. हा ट्रक कुणासाठी थांबणार नाही, असं मला वाटलं. तो हँडलसाठी, पाण्यासाठी, मिस्त्रीसाठी आणि कधी कधी नुसता रुसून थांबतो, हे नोकरीला लागल्यावर कळलं. बाला मी सुकाणूवर हवा होतो. मी ऐकत नाही म्हटल्यावर तो सगळ्या आळीसमोर म्हणाला, "त्या चाकांच्या डब्यात मी जल्मात पाय ठेवनार नाय." आमच्या बाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: एकदा, फक्त एकदा, बानं माझ्या शेजारच्या सीटवर बसायचं.

निघताना आयनं आमच्या मिठागराच्या मिठाचं गाठोडं दिलं. "परक्यांचं मीठ खाशील, पन आपल्याची चव इसरू नको," म्हणाली. त्या काळी दारूबंदी कडक. नाक्यावर शिपाई ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेत आणि मग सामान उचकत. एका शिपायाला ते गाठोडं सापडलं. त्याला वाटलं, हातभट्टीचा नवसागर. मी शपथेवर सांगितलं की मीठ आहे. त्यानं चिमूटभर घ्यावं की नाही? पठ्ठ्यानं मूठभर तोंडात टाकलं. त्याचं तोंड बघून मला आयची फार आठवण आली.

आजच्या ड्रायव्हर लोकांना सांगून पटायचं नाही असे ते दिवस होते. केबिन लाकडाची, दरवाज्याच्या जागी गोणपाट. हँडल मारून इंजिन सुरू करायचं. हँडल उलटलं की मनगट गेलं. आमच्यात सरळ मनगटाचा ड्रायव्हर म्हणजे नवखा. खंडाळ्याच्या घाटात ट्रक किटलीसारखा वाफा सोडायचा, आणि आम्ही डबा घेऊन पाणी शोधत हिंडायचो. भोंगा रबरी. तो दाबला की बैल बाजूला होत नसत, पण गाडीवान झोपेतून उठून शिव्या देई, तेवढीच सोबत. आता बघा. बटण दाबलं की इंजिन सुरू. डिझेलची गाडी, काचा, पंखा, देवापुढं लाल दिवा, आणि सीटखाली ट्रान्झिस्टर. तरी आताची पोरं म्हणतात कंबर दुखते. दुखू दे, म्हणजे ड्रायव्हर असल्याचा काहीतरी पुरावा राहील.

मुंबई-सोलापूर वाहतूक करता करता मी सोलापूरचाच झालो. लग्न चौलच्या वेणूशी झालं. तिच्या वडिलांना आम्ही 'मुलगा मोटार खात्यात आहे' एवढंच सांगितलं होतं. ते खातं चाकांवर असतं हे त्यांना वरातीत कळलं. वेणूनं सोलापुरात पहिल्याच आठवड्यात चाळीच्या गच्चीवर सुके बोंबील पसरले. संध्याकाळपर्यंत घरमालक, शेजारी आणि पालिकेचा एक माणूस मिळून काय मेलंय ते शोधत होते. आता त्याच शेजारणी 'आमच्यापुरतं जरा आणा' म्हणून माझ्या फेऱ्यांवर डोळा ठेवून असतात.

एक खोड मात्र सुटली नाही. ट्रक सोडायच्या आधी मी बोटांवर तिथी मोजायचो. तिकडं खाडीला ओहोटी असली तर काहीतरी निमित्त काढून थांबायचो: चाकात हवा बघायची आहे, दोरी आवळायची आहे. आमचे गुजराती शेठ हे बरेच दिवस बघत होते. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. शेठनी चारी बाजूंना नजर फिरवली. चारी बाजूंना सोलापूर होतं. "अरे भाई, अहीं दरियो क्यां छे?" इथं समुद्र कुठाय, असं विचारून ते खाली बसले.

पुढं आमच्या गावाचा बंध रुंद झाला, वर मुरूम पडला, आणि मीठ उचलायची फेरी मलाच मिळाली. ट्रक नवा, शेठचा जीव की प्राण. मी गावात शिरलो तेव्हा सगळं गाव बंधावर. बा आला, ट्रकभोवती एक चक्कर मारली. मिठाचा धंदा ट्रकनं उचलला होता, त्याचा मचवा कित्येक महिने काठावर पालथा पडला होता. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्यानं मचव्याच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं. खाडीत उतरणारी ती जागा दगड घालून बांधलेली होती. "हितं लाव," म्हणाला.

"बा, दुपारी पानी येल."

"येल तर येल. रिकामी हाय ना? मंग उचलंल."

"ही तरंगत नाय, बा."

"कोनी बघितलंय?"

खरोखरच कुणी पाहिलं नव्हतं. शिवाय इतक्या वर्षांत बानं पहिल्यांदाच माझ्या ट्रकला जागा दिली होती, तीही स्वतःच्या मचव्याची. मी बोटं मोजली. षष्ठी, उधाण ओसरलेलं, पाणी अर्ध्या चाकापर्यंत येईल. इंजिन वाचेल. नोकरीचं नक्की सांगता येत नव्हतं. मी ट्रक तिथं लावला.

दुपारी पाणी चढू लागलं. चाकांना लागलं तसा बा उठला, धोतर खोचलं, सरळ पाण्यात शिरला आणि केबिनमध्ये चढून बसला. लोक आ वासून बघत राहिले. त्याला मात्र शपथेची आठवणही नव्हती. होडी पाण्यात असताना तांडेलानं किनाऱ्यावर उभं राहायचं नसतं, एवढंच त्याला माहीत. दोन्ही हातांनी त्यानं माझं स्टिअरिंग सुकाणूसारखं धरलं.

आय बंधावरून ओरडली, "उचलली का?"

"अजून नाय!"

पाणी पायरीला टेकलं. आयनं पुन्हा विचारलं. बा पुन्हा म्हणाला, "अजून नाय." मग आळीतल्या बायकाही विचारू लागल्या. म्हातारे तांडेल आपापसात पैजा लावायला लागले. एका खेकड्यानं टायरवर चढायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. शेवटी भरती पुरी झाली, पाणी थबकलं, आणि ट्रक जिथल्या तिथं. आता कुणी काही विचारेना. बा समोर बघत बसला होता. जन्मभर पाण्याचा अंदाज न चुकलेला माणूस सगळ्या गावासमोर चुकला होता, आणि त्याची मान हळूहळू खाली जात होती. ते मला बघवेना. शेठच्या ट्रकचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणून मी गुडघ्यावर चढलेल्या पाण्यातून गेलो, दुसऱ्या बाजूनं पायरीवर चढलो, आत हात घातला आणि बटण दाबलं.

इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मागच्या नळीतून ढबाढबा बुडबुडे उठले, आणि सबंध ट्रक टपापासून चाकापर्यंत थरथरला.

"उचलली!" बा ओरडला. "उचलली रं!"

बंधावर एकच गलका झाला. बायकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी नारळ आणायला पळालं. पैज लावलेले तांडेल 'वीतभर उचलली', 'वीत कसली, चांगली हातभर' असा वाद घालू लागले.

पाणी उतरल्यावर मी ट्रक वर काढला. बा खाली उतरेना. सीटवर जरा सरकून मला जागा दिली आणि म्हणाला, "चल." आम्ही पेणपर्यंत गेलो. वाऱ्याचा अंदाज घ्यायला त्यानं हात बाहेर धरला होता. पेण जवळ आलं तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाला, "उचलली नव्हती. मना कलतं. पन थरथरली चांगली." मी नुसताच, समोर कुणी नसताना, भोंगा वाजवला.

शेठना मी सगळं खरं सांगितलं. खारं पाणी लागलेला ट्रक त्यांनी स्वतः उभं राहून तीनदा धुऊन घेतला आणि माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला. पण नवा ट्रक आणला तेव्हा पूजेच्या दिवशी त्यांनीच मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाई, पाणी भरलं का?" आता आमच्या अड्ड्यावर सगळेच विचारतात. ज्यांनी जन्मात खाडी पाहिली नाही असे बार्शीचे, अक्कलकोटचे ड्रायव्हर माझ्या बोटांकडं बघत इंजिन थंड ठेवून बसतात.

घर कुठं, असं कुणी विचारलं की मी पूर्वी गोंधळायचो. चूल सोलापुरात आहे, पोरं तिथलीच भाषा बोलतात, आणि गावात गेलो की मला पाहुण्याचा पाट मिळतो. आता गोंधळत नाही. तिकडं बा बंधावर बसून बोटं मोजत असतो, इकडं अड्ड्यावर मी मोजत असतो, आणि दोघांचं पाणी एकाच वेळी भरतं. तिकडं त्याच्या दगडांना भरती लागली की इकडं मी ब्रेक सोडतो.